अर्धे भरलेले वर्तुळ

परवा भाऊबीजेला पोखरकरांचा महेश माझ्याकडे थांबला. मंचरहून आलेली गाडी त्याने नारायणगावला सोडली होती आणि खोडदला जायला अवकाश होता. महेश जन्मापासून ऐकत नाही आणि बोलत नाही. त्याच्या हातांची भाषा मला येत नाही. आम्ही समोरासमोर बसून चहा घेतला. निघताना त्याने कापडी पिशवी उघडून आतली साडी मला दाखवली. मी मान हलवली. तो गेला.

त्याचे वडील या पावसाळ्यात वारले. वारूळवाडीतल्या माझ्या या घरात दर भाऊबीजेला ते याच खुर्चीवर बसत, चहा घेत आणि अशीच साडीची पिशवी घेऊन खोडदच्या वाटेला लागत. त्यांच्याविषयी काही लिहावे असे त्यांच्या हयातीत मला कधी वाटले नव्हते. महेश गेल्यावर खुर्ची आत ठेवली आणि लिहायला बसलो.

दत्तात्रय पोखरकर आमच्या शाळेत विज्ञान शिकवीत. मी गणित शिकवीत असे. पुढे तिथेच मुख्याध्यापक झालो. शाळा आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यात. पोखरकर उंच, किंचित वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. ते चांगले वक्ते नव्हते. आवाज सपाट होता आणि शिकवताना ते विनोद करीत नसत. मुलांना ते आवडत असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या तासाला मुले गप्प बसत, आणि त्यासाठी पोखरकरांना छडी लागत नसे.

दहावीच्या पुस्तकातला पुनरुत्पादनाचा धडा आमच्या भागात बहुतेक शाळांतून मुलांनी घरी वाचायचा असतो. शिक्षक त्या पानापर्यंत येतात, घड्याळाकडे पाहतात आणि पुढच्या धड्यावर उडी मारतात. पोखरकर उडी मारीत नसत. त्या दिवशी ते शाळेच्या कुंपणावरची जास्वंद आणि कोणाच्या तरी परसातली भोपळ्याची फुले घेऊन येत. दाढीचे पाते कंपासपेटीत असे. जास्वंद उभी चिरून ते प्रत्येक बाकावर नेऊन दाखवीत: हे पुंकेसर, हे स्त्रीकेसर, हे अंडाशय. मग भोपळ्याचे नर फूल आणि मादी फूल शेजारी ठेवीत. शेतात नर फुलांना लोक खोटी फुले म्हणतात आणि वेलाचा जोर वाया जातो म्हणून खुडून टाकतात. खोट्या फुलावाचून खरे फूल धरत नाही, हे ते दर वर्षी सांगत आणि दर वर्षी गावातले कोणी ना कोणी ती खुडतच असे.

फुलानंतर माणूस. त्या तासाला मुलगे आणि मुली वेगळे बसवायचे नाहीत, हा त्यांचा नियम. आवाज जास्वंदीसाठी जेवढा, तेवढाच गर्भाशयासाठी. कोणी तोंडावर हात धरला तर ते थांबत आणि म्हणत, "लाज वाटायचीच असेल तर चुकीच्या उत्तराची वाटू दे." बाळाचे लिंग बापाच्या गुणसूत्रावरून ठरते, हे वाक्य ते फळ्यावर लिहीत आणि सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेत. त्या वाचनात मुलींचा आवाज हळूहळू वाढत जाई, हे मी शेजारच्या वर्गातून ऐकलेले आहे.

एकदा शाळासमितीतले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी पोखरकरांना बोलावले. गृहस्थ म्हणाले, "सर, बाकी समदं शिकवा, पन पोरींसमोर ह्ये नगं."

पोखरकरांनी विचारले, "तुमच्या घरी शेळ्या कोण बघतं?"

"पोरीच बघत्यात."

"गाभण शेळी विते तेव्हा जवळ कोण असतं?"

"त्याच की. पन शेळीचं येगळं असतं, सर."

"ते वेगळं नसतं, एवढंच मी शिकवतो," पोखरकर म्हणाले आणि तासाला निघून गेले. गृहस्थ जायला उठले. मग मला म्हणाले, "मानूस वाईट न्हाई. पन लई कोरडा हाय, राव." मला हे वर्णन बरोबर वाटले. मलाही लोक तसेच म्हणत.

शाळेमागे पोखरकरांचा टोमॅटोचा एक वाफा होता. आमच्याकडे टोमॅटो म्हणजे नर्सरीतून आणलेले संकरित रोप. सारखी उंची, सारखे फळ, क्रेटमध्ये भरले की एकाच साच्यातून काढल्यासारखे. पोखरकर त्या संकरित फळाचेच बी धरीत आणि तेच पुन्हा पेरीत. वर येणारे पीक पाहण्यासारखे असे. एक झाड गुडघ्याएवढे, एक डोक्यावर जाणारे. एकाचे फळ लांबट, एकाचे चपटे, एकाला नुसती पाने. महाळुंग्याचे एक पालक मुलाची फी भरायला आले होते, ते वाफ्यापाशी थबकले. टोमॅटोवर त्यांचा मळा उभा होता. ते म्हणाले, "सर, कुनी फसवलं तुमाला? ह्ये बाजारात न्यायचं म्हनलं तर लोक हसतील."

"बाजारासाठी नाही लावलं," पोखरकर म्हणाले. "पहिल्या पिढीत जे झाकलं जातं ते दुसऱ्या पिढीत वर येतं. मुलांना तेवढंच दाखवायचं आहे."

पालकांनी एक फळ तोडले, फिरवून पाहिले आणि खिशात घातले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मळ्यातल्या फळाचे बी धरले, खर्च वाचावा म्हणून, आणि हात भाजून घेतले. ते भांडायला आले नाहीत. वाफ्यापाशी उभे राहून एवढेच म्हणाले, "तुमी सांगितलं व्हतं खरं." पोखरकरांना त्यात आनंद वाटलेला दिसला नाही. सांगितलेले खरे ठरले की त्यांचा चेहरा अधिकच थकलेला दिसे.

त्यांचा खरा धडा मात्र आनुवंशिकतेचा. त्या दिवशी ते फळ्यावर एक वंशावळ काढीत. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. सर्वांत वर आजोबा आणि आजी. त्यांच्याखाली एक मुलगी आणि एक मुलगा. त्या मुलीच्या मुलाचे लग्न त्या मुलाच्या मुलीशी लावलेले, म्हणजे आपल्याकडे जिला मामाची मुलगी करणे म्हणतात ती रीत. अशा जोडप्यामध्ये एकाऐवजी दोन रेघा काढायच्या असतात. दोन रेघांखाली दोन मुले: एक चौकोन आणि एक वर्तुळ. चौकोन ते खडूने पूर्ण भरीत. "हा मुलगा ऐकू शकत नाही. आईबापांना ऐकू येतं. दोघांकडे दोषाचं एकेक जनुक लपलेलं होतं. ते एकाच आजोळातून आलेलं होतं म्हणून दोघांकडे होतं. मुलाच्या वाट्याला दोन्ही आली."

मग वर्तुळ. त्याचा अर्धा भाग ते भरीत, थांबत आणि बोटाने पुसून टाकीत. "हिला ऐकू येतं. हिच्यात दोष लपलेला आहे की नाही, हे हिच्याकडे पाहून सांगता येत नाही. आपल्याला माहीत नाही."

ते कोणाचे घर आहे हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक असे. पोखरकरांनी मामाचीच मुलगी केली होती. चौकोन म्हणजे महेश. वर्तुळ म्हणजे त्यांची धाकटी मुलगी सुनीता. ते सांगत नसत आणि मुले विचारीत नसत. वहिनींना ही आकृती मान्य नव्हती. एकदा त्या माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या होत्या, "माझ्या बापाला, माझ्या सासूला समद्यांना फळ्यावर चढवलंत. आता माझं नाव तेवढं लिवायचं ऱ्हायलंय." पुढच्या वर्षी आकृती तशीच निघाली.

त्या धड्यासाठी ते माझ्याकडून एक नाणे मागून नेत. गणिताचा शिक्षक म्हणून नाणे माझेच असावे, असा त्यांचा आग्रह. महेशचा दोष लक्षात आला तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते की अशा जोडप्याच्या चार मुलांत एकाला हा दोष येण्याची शक्यता असते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की ते एक होऊन गेले, आता पुढची तीन निर्धोक. पोखरकरांनी पाच वर्षे दुसऱ्या मुलाचा विचार केला नाही. मग सुनीता झाली, तिला ऐकू आले, आणि घरच्यांनी आपला हिशोब बरोबर निघाल्याचे पेढे वाटले. वर्गात ते नाणे उडवीत, छापा आला की पुन्हा उडवीत. "नाण्याला मागचं आठवत नाही. प्रत्येक मूल पहिलं मूल असतं." तास संपला की शिक्षकांच्या खोलीत येऊन नाणे माझ्या टेबलावर ठेवीत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "झालं. सांगून झालं." त्या शब्दांत समाधान नसे. दर उन्हाळ्यात त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांच्या लग्नपत्रिका येत आणि त्यांतल्या काहींत वधू मामाची मुलगी असे. पोखरकर त्या लग्नांना जात. अक्षता टाकीत, पंगतीत जेवीत, आणि परत येत.

आता त्यांच्या बहिणीविषयी सांगायला हवे. इंदूबाई त्यांच्याहून बऱ्याच लहान. महेश झाला तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. महेशला तिनेच कडेवर वाढवले. तो ऐकत नाही हे कळल्यावर घरातली मोठी माणसे देवऋषी शोधत होती, तेव्हा या मुलीने त्याच्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली. पोखरकरांच्या घरात जी हातांची भाषा पुढे रुळली, ती मुळात तिची. कोणत्या शाळेत शिकवतात तशी ती नव्हती. दोन बोटांचे गोल डोळ्यांशी धरले की दादा, म्हणजे चष्मेवाले पोखरकर. महेशच्या गालाला खळी पडते, म्हणून गालावर एक बोट टेकवले की महेश. इंदूबाईला खोडदला दिले, तिला संदीप झाला, आणि त्याच सुमारास इकडे सुनीता झाली. आठवीपासून दहावीपर्यंत संदीप मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकला. मुलगा सरळ होता, जरा बोलका. पुढे तो वायरमनचे काम शिकला आणि खोडदलाच राहिला.

संदीप आणि सुनीता यांचे लग्न होणार, हे पाळण्यापासून धरलेले होते. सुनीता अंगणात दिसली की खोडदची माणसे तिला सून म्हणून हाक मारीत. त्या दोघांच्याही मनात तेच होते. पोखरकर यावर कधीच काही बोलले नव्हते, आणि त्यांचे न बोलणे हाच होकार आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

सुनीताचे शिक्षण पूर्ण झाले तेव्हा इंदूबाई मागणी घालायला आली. ती घरी न जाता आधी शाळेत आली, माझ्या खोलीत. बाहेरच्या माणसासमोर बोलणे व्हावे अशी तिची इच्छा असावी. पोखरकर तासावरून आले. तिने मलाच विचारले, "हेडसर, भावाच्या लेकीवर पयला हक्क बहिनीचा असतो का न्हाई, तुमी सांगा."

मी म्हणालो, "ते तुमच्या दादांनाच विचारा."

पोखरकर उभेच होते. घरच्या माणसांशी ते गावची भाषा बोलत. ती मी शाळेत प्रथमच ऐकली. ते म्हणाले, "इंदे, सुनीमधी त्यो दोष लपलेला असंल. तुझ्यात बी असंल, संदीपकडं बी आला असंल. आपलं आजोळ एकच हाय." आणि मग त्यांनी तो आकडा सांगितला. आदल्या आठवड्यात त्यांनी तो माझ्याकडून तपासून घेतला होता, कशासाठी ते न सांगता. सुनीता वाहक असण्याची शक्यता तीनात दोन, संदीपची चारात एक, आणि दोघेही वाहक निघाले तर मुलाला दोष येण्याची चारात एक. एकूण चोवीसात एक.

इंदूबाईने ऐकून घेतले. "म्हंजी तेवीस चांगली. मग घाबरतोस कशाला, दादा?"

"त्ये एक कुनाच्या दारात जातं त्ये मी बघितलंय."

"मी न्हाई बघितलं?" ती शांतपणे म्हणाली. "तुझ्यापरीस जास्त मी त्याला कडंवर घेतलाय. मंचरला दुकानात लोखंडाच्या खिडक्या बनवतो, आपल्या कष्टाचं खातो, कुनाला वाकडं बोलत न्हाई. काय वाईट झालं त्याचं, सांग की."

मला वाटते, हे पोखरकरांना पूर्वीच कोणी विचारायला हवे होते. ते म्हणाले की आता रक्त तपासता येते. पुण्याला अशी प्रयोगशाळा आहे. आधी महेशचे रक्त तपासून दोष कोणत्या जागी आहे ते शोधायचे, मग त्याच जागी सुनीताचे आणि संदीपचे पाहायचे. दोघांतला एक जरी मोकळा निघाला तरी पुढच्या मुलाला भय नाही. "तसं निघालं तर मी सोता येऊन लग्न लावून देतो."

इंदूबाई उठली. "भावानं बहिनीच्या घरचं रक्त बाटलीत घालून बघायचं. मंग आमी पावनं झालो की, दादा. घरचं कशाला म्हनतोस?" माझ्याकडे वळून तिने नमस्कार केला. भावाला केला नाही.

तपासणीला ती तयार होणार नाही हे उघड होते. तयार झाला तो संदीप. सुट्टीच्या दिवशी तो मामाकडे आला. त्याच संध्याकाळी पोखरकरांनी मला ते सांगितले. संदीप म्हणाला होता, "मामा, फळ्यावरचं त्ये वर्तुळ म्हंजी आपली सुनीच ना? मला दहावीतच समजलं व्हतं. पन वर्गात कसं इचारू? चला, कुठं रक्त द्यायचं त्ये सांगा. आईला मी बघतो." महेश, सुनीता, संदीप आणि पोखरकर असे चौघे पुण्याला गेले. महेशला कशासाठी नेत आहेत हे त्याला हातांनी कोणी आणि कसे समजावले, मला माहीत नाही. सुनीताने समजावले असावे.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. त्या काळात पोखरकर नेहमीसारखे शिकवीत होते. फक्त जैवतंत्रज्ञानाचा धडा आला तेव्हा त्यांनी तो एका तासात उरकला, असे मुलांकडून कळले. तो त्यांचा आवडता धडा होता. केळीच्या रोपाचे उती संवर्धन दाखवायला ते दर वर्षी रोपवाटिकेतून एक काचेची बरणी आणीत, आतल्या बोटभर रोपासह. त्या वर्षी बरणी आली नाही.

निकाल आला. सुनीता वाहक होती. संदीप मोकळा होता.

मी पोखरकरांना हसताना फार वेळा पाहिलेले नाही. त्या दिवशी त्यांनी शाळेतल्या सर्वांना, शिपायांनाही, जिलबी दिली आणि कारण सांगितले नाही. रविवारी ते मला घेऊन खोडदला गेले. बोलणी करायची म्हणजे सोबत एक तिऱ्हाईत असावा लागतो. त्यांनी नवा सदरा घातला होता. खोडदजवळ आलो तसे शेतांच्या वर रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या दिसू लागल्या, सगळ्या आभाळाकडे तोंड करून. पोखरकर म्हणाले, "सर, एवढ्या लांबचं ऐकतात म्हणे." एवढेच.

संदीपने आईला सगळे आधीच सांगून टाकले होते. मोकळा निघालो, आता अडचण नाही, असे हसत हसत सांगितले होते. त्या मुलाची चूक एवढीच की सांगण्यासारखे झाले आहे, असे त्याला वाटले. इंदूबाई ओट्यावर कांद्याचे बी निवडत बसली होती. आम्हाला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिले. पोखरकरांनी मागणी घातली. मुलीच्या बापाने अशी मागणी घालायची नसते, तरी घातली. म्हणाले, "इंदे, आता तुझं तू ठरव. मी माझी सुनी तुला द्याया आलोय."

तिने सूप खाली ठेवले. "दादा, एक इचारते. खरं सांगशील?"

"इचार."

"माझा संदीप नापास झाला असता, तर तू आज आला असतास का?"

संदीप दारात उभा होता. मीही पोखरकरांकडे पाहत होतो. तिथे बसलेल्या कोणीही त्या क्षणी खोटे बोलले असते, आणि ते खोटे ठरवायला कोणी गेले नसते. बहिणीला तेवढेच हवे होते. लग्न झाले असते, आणि मुले धडधाकट झाली असती. ते तर रक्तानेच सांगितले होते.

पोखरकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "न्हाई," ते म्हणाले. "नसतो आलो."

"मंग आता बी नगं," इंदूबाई म्हणाली. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. "माझं पोर मी परीक्षेला बसवलं न्हवतं."

संदीप काही बोलू पाहत होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि तो आत गेला. आम्ही चहा घेतला. चहा न देता तिने आम्हाला पाठवले असते तर बरे झाले असते.

वर्षाच्या आत तिने संदीपचे लग्न पारनेरकडच्या एका मुलीशी लावले. मुलगी नात्यातली नव्हती. हे पोखरकरांनी आयुष्यभर जे सांगितले त्याप्रमाणेच झाले, असे मी त्यांना एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. सुनीताचे लग्न पुढे शिरूरच्या एका शिक्षकाशी झाले. ती वाहक आहे हे पोखरकरांनी त्या घरी आधी सांगितले; असेच सांगितल्यामुळे त्याआधीची दोन स्थळे मोडली होती. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली नाही, एवढे मला ठाऊक आहे.

त्या वर्षी आनुवंशिकतेच्या तासाला मी मुद्दाम वर्गाबाहेरून गेलो. आकृती नेहमीचीच होती. वर्तुळापाशी पोखरकर आले, त्यांनी त्याचा अर्धा भाग खडूने भरला आणि तो पुसला नाही. "ही वाहक आहे," ते म्हणाले. "आता आपल्याला माहीत आहे." एका मुलीने विचारले, "मग सर, पुढं काय झालं?" ते म्हणाले, "पुढचं अभ्यासक्रमात नाही."

माझ्याहून ते चार वर्षांनी निवृत्त झाले. आमच्याकडे भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. पोखरकर दर वर्षी गेले. वाटेत माझ्याकडे थांबत. खोडदला ओट्यावर बसत, संदीपची बायको चहा देई, संदीप कामावर नसला तर येऊन पाया पडे. इंदूबाई आत असे. ती बाहेर येत नसे, ओवाळीत नसे. पोखरकर साडी ओट्यावर ठेवून निघत. ती साडी परत आली नाही आणि नेसलेलीही कोणी पाहिली नाही. हे किती वर्षे चालले ते मी मोजलेले नाही. ते परत आले की मी विचारीत असे, "भेट झाली?" ते म्हणत, "झालं. जाऊन आलो."

मागच्या वर्षीच्या भाऊबीजेला त्यांचे गुडघे चालत नव्हते. मी रिक्षा केली आणि बरोबर गेलो. ओट्यावर त्या दिवशी इंदूबाई स्वतः बसलेली होती. वयाच्या मानाने फार म्हातारी दिसत होती. आम्ही आलो तरी तिने वर पाहिले नाही. संदीपची बायको बाहेर आली, म्हणाली, "मामंजी, आता आईंना ऐकाया येत न्हाई. वरीस झालं. मशीन आनलं व्हतं, पन लावत न्हाईत. बोलतबी न्हाईत कुनाशी."

पोखरकरांनी पहिल्यांदा शिक्षकाचाच प्रश्न विचारला, हळूहळू गेलं की एकदम. हळूहळू, ती म्हणाली. "मग वयाचं आहे," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "वंशाचं नाही."

मग ते तिच्यासमोर गेले आणि गुडघे न वाकणारा माणूस जसा बसतो तसे, भिंतीला धरत, खाली बसले. तिने पाहिले. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि बोटांचे गोल डोळ्यांशी, चष्म्याच्या भिंगांवर धरले.

ती बघत राहिली. ही खूण तिची होती, तिनेच कधीकाळी एका मुलासाठी बनवलेली. पोखरकरांनी हात खाली घेतले नाहीत. मग इंदूबाईचा उजवा हात मांडीवरून सुटला. एक बोट तिने स्वतःच्या गालावर, महेशच्या खळीच्या जागी, टेकवले, आणि त्याच बोटाने सतरंजीवरच्या शेजारच्या रिकाम्या जागी दोनदा थोपटले.

ओवाळणे झाले नाही. साडी तिने स्वतःच्या हाताने घेतली.

परतताना तबकड्या मागे पडल्या. नारायणगावच्या स्टँडवर मी त्यांना मंचरच्या गाडीत बसवून दिले. मी विचारले नव्हते, तरी ते म्हणाले, "झालं. सांगून झालं." पण या वेळी सांगितले होते ते इंदूबाईने. त्यानंतर आमची भेट झाली नाही. गाडी सुटायला वेळ होता. मी खाली उभा होतो, त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. खिडकीशी ते समोर पाहत बसले होते, गालावर एक बोट टेकवून.